चालत्या लयीत, काळी चार

"दर्शे, तुझ्या आप्पाला म्हणावं, मला हळू न्या. जल्मभर लई घाई झाली. येवढी वाट तरी हळू."

आवाज तापानं बसलेला होता, पण त्यात विनवणी नव्हती. दूध उतू जाईल बघ, मांजराला हाकल, अशाच सुरात आई हे बोलली आणि बोलून झाल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपली. बोरगावच्या घराची मागची खोली, वैशाखातली सकाळ, बावीस वर्षं झाली. प्रियदर्शनी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती 'व्हय' म्हणाली होती. आठ दिवसांनी आई गेली, आणि तो निरोप आप्पांना आजतागायत पोचलेला नाही.

आज रविवारी सकाळी, बेळगावातल्या एका शाळेच्या सभागृहात, कागद उडतात म्हणून पंखे बंद करून हौशी वाद्यवृंदाची चोवीस माणसं तालमीला घामेजून बसली होती, तेव्हा संचालक चिन्मयनं हातातली काडी खाली केली आणि म्हणाला, "दर्शनीताई, तुम्ही पळताय." एवढंच. तो तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, गोव्यात शिकून आलेला, टिळकवाडीत पोरांना पियानो शिकवणारा, बोलायला अगदी मऊ. "सगळीकडं नाही. फक्त तिथंच. पितळी ब्रास वाजून गेलं की पुढच्या चार घरांत. मागच्या रविवारी पण तिथंच, त्याच्या आधी पण तिथंच." कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेला ते सगळे घर म्हणत. चार घरं. म्हणजे जेमतेम सात-आठ सेकंद. पण सगळ्यांनी तिच्याकडं वळून बघितलं आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या, जशा विमा कंपनीच्या ऑफिसात साहेबानं सगळ्यांसमोर फाईल परत केली की तापतात. बावीस वर्षांत तिला कुणी हे सांगितलं नव्हतं. आपण सावकाश माणूस आहोत अशीच तिची समजूत होती. जेवण सावकाश, चालणं सावकाश, लग्न तर इतकं सावकाश की ते राहूनच गेलं. आणि हा पोरगा सांगत होता, तुम्ही पळताय.

"अवो, पळंल न्हाय तर काय करंल?" शेजारी चेल्लो धरून बसलेले मारुतीराव म्हणाले. लष्करी बँडातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस, मिशा अजून परेडला निघाल्यासारख्या. "जलद मार्च कुणीबी करतंय. पोरं पडत्यात ती स्लो मार्चला. पाय उचलला की खाली कवा टेकवायचा हेच कळत न्हाय. रिक्रूट असताना मी सोता दोनदा आडवा झालोय. सुभेदारसाहेब म्हणायचे, मारुती, तुला दुश्मन लागतच न्हाय, तुला हळू चाल म्हटलं की तू खलास." सगळे हसले. तीही हसली. पण गज मांडीवर घेऊन ती त्याचा आधीच आवळलेला स्क्रू पुन्हा आवळायला लागली, आणि ते मारुतीरावांनी पाहिलं आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघितलं.

बसवत होते त्या सिंफनीचा तो दुसरा भाग, संथ म्हणतात तो. पहिल्या दिवशी चिन्मयनं फळ्यावर लिहिलेला इटालियन शब्द फोडून सांगितला होता. आंदान्ते म्हणजे हळू नव्हे. शब्द मूळचा चालण्याचा आहे. माणूस चालतं ती लय. रडत बसायचं नाही, पळायचंही नाही, चालत राहायचं. सूर ए फ्लॅट मेजर. "काळी चार म्हणा की," मारुतीराव म्हणाले होते, आणि तिच्या अंगावर एकदम शहारा आला होता, कारण कॉलेजात, क्लासात, इथं, सगळीकडं ए फ्लॅट आणि बी फ्लॅट म्हणत म्हणत ती काळी चार, काळी पाच, पांढरी एक विसरून गेली होती. आप्पांचा वरातीत वाजणारा बँड होता, तिथं पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरूनच सूर सांगायचे. या सुरात तिच्या व्हायोलाच्या, व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीच्या, वरच्या दोन तारा मोकळ्या वाजवता येत नाहीत. प्रत्येक सूर बोटाखाली दाबून काढावा लागतो, त्यामुळं आवाजावर सतत कसलं तरी पांघरूण असतं, दिवा विझलेला नाही पण कुणीतरी पुढ्यात उभं आहे असं. सुरुवातीला गाणं मिळतं ते व्हायोला आणि चेल्लोलाच, दोघांनी एका आवाजात म्हणायचं. व्हायोलाच्या नशिबी असं फार क्वचित येतं. एरवी ही बाई मधल्या घरात बसून शेजारच्यांचे सूर धरून ठेवते, कुणाला ऐकूही येत नाही. तीन-तीन मात्रांची घरं, आणि गाणं असं की पुढं पाऊल टाकायचं आणि अर्ध्यात थोडं थांबून मागं वळून बघायचं, पुन्हा पाऊल टाकायचं. आणि मग ध्यानीमनी नसताना सूर बदलतो. काळी चार सुटते आणि पांढरी एक लागते, सगळ्या तारा मोकळ्या होतात, आणि मागच्या रांगेतलं पितळ उठून उभं राहतं, तुताऱ्या, हॉर्न, ढोल, जसं काही गल्लीच्या तोंडावर वरात आली. आठ-दहा घरं ते सगळं लखलखतं. आणि विझतं. पुन्हा ती पांघरुणाखालची काळी चार. तिथंच. बरोबर तिथंच ती पळत होती.

"पुन्हा घेऊया," चिन्मय म्हणाला. घेतलं. पितळ उठलं, पितळ बसलं, आणि तिनं ठरवून, दात आवळून, मनात एक-दोन-तीन मोजत गज ओढला, आणि तिसऱ्या घरात तिला कळलं की आपण मोजतोय तेच जलद मोजतोय. मापच पळत होतं. आपल्याच पायाखालची जमीन सरकावी तसं झालं. चिन्मयनं फक्त तिच्याकडं बघून भुवया किंचित उचलल्या, आणि तालीम संपवली. "कार्यक्रमाला दोन आठवडे आहेत ताई. होईल." जाताना मारुतीरावांनी तिची वाद्याची पेटी उचलून दारापर्यंत आणली. "आक्का, एक सांगू का? स्लो मार्चला पडायचं बंद कधी झालं ठाव हाय? मी पुढं कुठं जायाचंय त्येचा इचार सोडला तवा." मग खोकून म्हणाले, "मोठं ज्ञान दिलं बघा. सुभेदाराला पेन्शनीत ज्ञानच सुटतंय."

कुठं जायचंय याचा विचार. बसस्टँडकडं चालताना तिनं स्वतःची पावलं ऐकली. शाळेच्या कोपऱ्यापासून नाक्यापर्यंत ती ठीक चालत होती, आणि नाक्यावरून एक बँडची गाडी गेली, लग्नाची, रिकामी, नुसती ताशाची चामडी उन्हात चमकत गेली, आणि तिची पावलं जलद झाली. तिला ते दिसलं. पूर्वीही असंच होत आलं असेल, दिसलं आज. म्हणून ती खोलीवर न जाता सरळ स्टँडवर गेली. काहीही ठरवलेलं नव्हतं असं तिला वाटत होतं, पण पाय बरोबर निपाणीच्या फलाटाला जाऊन थांबले, तेव्हा तिला कळलं की तालमीतून उठतानाच आपण ठरवलंय. आज सांगायचं. बावीस वर्षं जे सांगितलं नाही ते आज आप्पांना सांगायचं, आणि कार्यक्रमाच्या आधी सांगायचं, कारण आप्पा कार्यक्रमाला येणार होते, पुढच्या रांगेत बसणार होते, आणि ती चार घरं त्यांच्यापासून लपणार नव्हती. पन्नास वर्षं पायानं ठेका धरलेला माणूस. बेळगावातल्या सगळ्यांना फसवता आलं असतं, त्यांना नाही.

"निप्पाणी, संकेश्वर, निप्पाणी! बर्री बर्री!" कंडक्टर कानडीत ओरडून बोलावत होता. तिची पेटी बघून त्यानं आत काय आहे ते विचारलं, "आक्का, इदरागे एनिदे?" ती म्हणाली, "पिटीलु." कानडीत व्हायोलिन. तो खूश झाला. "मदुवेगा?" लग्नाला वाजवायला का? ती नको तितक्या जोरात 'इल्ला', नाही, म्हणाली, आणि तो बिचारा पुढच्या सीटकडं वळला.

लग्नाला. खिडकीतून उसाचे फड मागं पळत होते आणि तिला आईची बोटं दिसत होती. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, आणि बोटं इतकी चपळ की लहानपणी प्रियदर्शनी पैज लावून बघत बसायची, एक विडी कधी सुरू झाली आणि कधी संपली हे डोळ्यांनी धरायचंच, आणि एकदाही धरता आलं नाही. पान, चिमूट, गुंडाळी, दोऱ्याचा फेरा, टोक दाबलं, पुढची. दिवसाचा हजार विड्यांचा गड्डा झाल्याशिवाय उठायचं नाही. त्या बोटांच्या वर, त्याच बाईच्या गळ्यातून जी ओवी यायची ती मात्र बैलगाडीसारखी यायची. एका ओवीत तीस विड्या व्हायच्या.

हळू हळू चाल बाई, वाट न्हाई पळायाची
सांज माझ्या माहेराची, उंबऱ्यात थांबायाची

'थांबायाची'वर आई खरंच थांबायची, श्वास घ्यायची, आणि बोटं मात्र तेवढ्यात दोन विड्या उरकायची. एकाच अंगात दोन चाली कशा राहतात, हे तिला आजही कळलेलं नाही. हात कारखानदाराचे होते आणि गळा आईचा स्वतःचा होता, असं कधी कधी वाटतं, पण हे फार सोपं झालं. आई रागावली की ओवी आणखी हळू म्हणायची. शेवटी शेवटी छातीत तंबाखूची धूळ बसून दम लागायला लागला, तेव्हा ओवीच्या मध्येच खोकला यायचा, आणि खोकला संपेपर्यंत सूर कुठं ठेवलेला असायचा कोण जाणे, आई बरोबर तिथूनच उचलायची. वर ना खाली. आईची पट्टी कुठली होती? कुणी कधी पेटी लावून बघितली नाही. बँडमास्तरच्या घरात बाईची पट्टी बघायला कुणाला वेळ होता.

आणि आठ दिवसांनंतरचं ते ऊन. आई गेली त्या दिवशी आप्पांचा बँड सदलग्यात लग्नाला होता. फोन गेला तेव्हा वरात निम्म्यावर आलेली. आप्पा आणि त्यांची नऊ माणसं जीपमध्ये बसून तशीच आली, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बिल्ले. कपडे बदलायला कुणाला सुचलंच नाही. तिरडी बांधून तयार होती. भजनी मंडळ बोलवायचं म्हणत होते, पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी म्हटलं, मास्तरच्या बायकोला बँड न्हाय तर कुणाला? आणि आप्पांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं. सूर फुटेना. ओठ धरेना. एकदा, दोनदा नुसती हवा गेली. मागं साईड ड्रमवाला उभा होता, त्याचे हात सकाळपासून वरातीत होते, मास्तर अडले हे बघून त्यानं घाबरून काड्या टाकल्या, आणि काड्या पडल्या त्या वरातीच्या ठेक्यात. बेसवाला त्याच्या मागं गेला. नऊ माणसं सवयीनं चालीत पडली, आणि आप्पाही त्यात ओढले गेले. खांदेकऱ्यांची पावलं आपसूक जलद झाली. आई उड्या घेत निघाली. गावानं ते कधी सोडलं नाही. 'रघू मास्तरनं बायकोची वरात काढली.' पारावर, पिठाच्या गिरणीत, कुणाच्या तरी बारशाला. आप्पांनी एकदाही ड्रमवाल्याचं नाव घेतलं नाही. चाल चुकली तर ती मास्तरची, हा त्यांचा कायदा. पुढच्या वर्षी तिनं घर सोडलं, बेळगावात मावशीकडं राहिली, आणि वाद्य शिकायचं तर फुंकायचं नसलेलं शिकायचं म्हणून व्हायोलिन आणि मग व्हायोला धरलं. लोकांना सांगायला तिच्याकडं एक वाक्य होतं, आई फार लवकर गेली. स्वतःला सांगायला दुसरं होतं, आईचा निरोप सांगायचा राहून गेला. गडबडीत राहून गेला. हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याच्या कडा झिजून ते गुळगुळीत झालं होतं.

निपाणीत उतरून वडापच्या जीपनं ती बोरगावला पोचली तेव्हा दुपार कलली होती. आप्पा घराच्या पुढच्या सोप्यात चटईवर बसून शेंगा फोडत होते. त्र्याहत्तर वय, पुढचे दात गेलेले, त्यामुळं क्लॅरनेट सात वर्षांपूर्वी सुटलं. समोर शेजारचा रवळू बसला होता, आप्पांच्याच वयाचा, शेंगा फोडायला कमी आणि खायला जास्त.

"आली बघ बँडवाली," रवळू म्हणाला. "काय गं दर्शे, बेळगावात वाजवतीस म्हणं. सुपाऱ्या घेता काय न्हाय लग्नाच्या?"

"न्हाय काका. बसून ऐकायचं असतं."

"बसून?" त्याला भारी गंमत वाटली. "नाचायचं न्हाय, जेवायचं न्हाय, नुसतं बसून? आनि हळू म्हणं. मास्तर, लेक हळू वाजवती, तुमच्या घराण्यात हे कुठनं आलं वो?"

आप्पा शेंगेचं टरफल फुंकत म्हणाले, "तिच्या आईकडनं." ते हसत म्हणाले. रवळूही हसला. पण आप्पांचं हसू चेहऱ्यावर किंचित उशिरा आलं होतं, तिनं ते मोजलं, अर्धी मात्रा. इतकी वर्षं ते असंच अर्ध्या मात्रेनं उशिरा हसत आले असतील, आणि ती सणावारी येऊन, पुरणपोळी खाऊन, संध्याकाळच्या गाडीनं परत जात आली होती. आत्ताच सांगावं असं तिच्या ओठावर आलं. पण रवळू होता. मग रवळू चहा होईपर्यंत थांबला, चहा पिऊन झाल्यावर ऊस, साखर कारखाना, नातवाला बेंगळुरात लागलेली नोकरी असं सगळं बोलून एकदाचा उठला, आणि तो उठला तेव्हा तिला आत कुठंतरी वाटलं, अजून थोडा बसला असता तरी चाललं असतं. तिनं ते वाटणं ओळखलं. हेच ते. हेच चार घरांत होतं. तिनं पेटी उघडली.

"आप्पा, ऐकता? दोन आठवड्यांनी वाजवायचंय ते."

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, पाठ भिंतीला लावली, डावा पाय पुढं घेतला. तो पाय. सगळा बँड त्या पायावर चालायचा. "पट्टी कुठली?"

"काळी चार."

"अवघड. झाकली पट्टी. आनि मात्रा?"

"तीन. चालत चालत."

"म्हंजी अर्धा दादरा की गं," ते म्हणाले. "बरं, वाजीव."

ती वाजवायला लागली. एकटी व्हायोला, चेल्लो नाही, कोण नाही, शेणानं सारवलेल्या सोप्यात आवाज कोरडा उमटत होता. आप्पांनी डोळे मिटले. आठ घरांत त्यांच्या पायाच्या अंगठ्यानं लय धरली, आणि सोळाव्या घराला त्यांची मान हलली, गाणं जिथं मागं वळून बघतं तिथं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "हां," ते स्वतःशीच म्हणाले. पितळाची जागा आली तशी ती थांबून म्हणाली, "इथं तुताऱ्या हायत. पांढरी एकमधनं. अशा," आणि तिनं तोंडानं म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा आप्पांनीच ती ओळ उचलली, दात नसलेल्या तोंडानं, गाल फुगवून, पँ-पँ-पपँ, आणि सोप्यात दोन क्षण खरोखरचा बँड उभा राहिला. त्यांचे डोळे चमकत होते. मग ती काळी चारमध्ये उतरली, आणि पळाली.

आप्पांचा अंगठा थांबला.

"दर्शे."

"व्हय."

"पळतीस गं."

"ठाव हाय."

आप्पा असं बोलले, जसं काही या खोलीत रोज हेच बोलणं चालतं. "मी बी पळलो हुतो. बँडातली मानसं म्हणत्यात ड्रमवाला चुकला. ते काय खरं न्हाय. त्यानं काड्या टाकल्या, पर मी हात वर केला असता तर समदे थांबले असते. सदलग्यापासनं जीपमधी मी येकच म्हणत हुतो, हळू वाजवायचं, हळू. आनि तोंडाला लावलं तर दम न्हाय. हळू वाजवायला छाती लागती, सूर धरून ठिवायला लागतो. रडू आलं की धरता येत न्हाय. जलद येतंय. तुकडं तुकडं करून जलद वाजवता येतंय." त्यांनी शेंगेचं एक टरफल उचललं, दोन बोटांत दाबलं. "तिला आवडलं नसंल. ती हळू बाई हुती. तिनं काय सांगितलं असतं तर मी दात पाडून घेतलं असतं, पर हळू वाजवलं असतं. पर ती काय बोलली न्हाय. म्या म्हटलं, काय हरकत नसंल तिची."

आता ऊन सोप्याच्या कडेला आलं होतं. प्रियदर्शनीनं गज मांडीवर आडवा धरला होता. तिला स्पष्ट दिसत होतं की इथं दोन वाटा आहेत. एक अगदी सोपी. आप्पा, आई काय म्हणाली नव्हती, तिला चाललं असतं, तुम्ही कशाला मनाला लावून घेता. म्हातारा माणूस निवांत होईल. किंवा अर्धं सांगता येईल, आई म्हणाली होती, मी गडबडीत विसरले. हे वाक्य तयारच होतं, गुळगुळीत, तोंडात घोळलेलं. मारुतीराव म्हणाले होते, पुढं कुठं जायचंय त्याचा विचार सोडायचा. आणि तिनं तो सोडला, आणि ती जिथं होती तिथं थांबली, आणि त्या थांबण्यात तिला विसावा दिसला.

विसावा, म्हणजे निम्म्या वाटेवर जिथं तिरडी खाली ठेवतात. खांदे बदलतात, पाय गावाकडं डोकं रानाकडं होतं ते उलटं करतात. बायकांनी तिथपर्यंतच यायचं. बँड थांबला. बावीस वर्षं तिनं या जागेवरून डोळे बाजूला वळवले होते. बँड थांबल्यावर इतकं शांत झालं होतं की लाल कोटांच्या झालरी वाऱ्यानं घासतात तेही ऐकू येत होतं. आणि आप्पा, क्लॅरनेट एका हातात, दुसऱ्या हातानं ओठ पुसत, इतक्या माणसांतून नेमके तिच्याकडं आले होते, वाकले होते, एकोणीस वर्षांच्या पोरीला मास्तरानं विचारावं तसं नव्हे, विद्यार्थ्यानं विचारावं तसं विचारलं होतं, दर्शे, काय वाजवू? चाल बदलू का? आणि ती म्हणाली होती, काय बी वाजवा. खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली. ठेका पुन्हा पडला. धूळ उडाली, लाल कोट धुळीत गेले, आणि ती जलद चाल वळणामागं लहान लहान होत गेली, आणि तिला बरं वाटलं होतं.

ती जागेवर नीट बसली. "आप्पा, आदी येकदा वाजवती. मधी बोलू नका."

या वेळी तिनं मोजलं नाही. पाठ सरळ केली आणि सुरुवातीपासून घेतलं, सगळं, पितळाची जागा आली तिथं मोकळ्या तारा स्वतःच खेचल्या, आणि आप्पांचा अंगठा पुन्हा हलायला लागला. मग सूर पांघरुणाखाली गेला. हात म्हणत होता चल, चल, आणि ती प्रत्येक सुरावर तशीच उभी राहिली जसं कुणाला उचलून नेत असताना माणूस बाजूला उभं राहतं, पूर्ण जाईपर्यंत. पहिलं घर. दुसरं. गज जड झाला, दंड दुखायला लागला, तिसऱ्या घरात सूर थोडा फाटला आणि तिनं तो फाटू दिला, पण सोडला नाही. चौथं घर संपलं. अंगठा एकदाही चुकला नाही. ती तशीच पुढं गेली, शेवटपर्यंत, आणि शेवटच्या सुरावर गज तारेवरच राहू दिला.

आप्पा म्हणाले, "आता चाललीस. आता न्हाय पळलीस."

ती त्यांच्याकडं बघत म्हणाली, "आप्पा, आई बोलली हुती. मला. आठ दिस आदी. आप्पाला म्हणावं, मला हळू न्या. इसाव्यावर तुमी मला इचारलंसा, चाल बदलू का, तवा मी इसरले नव्हते. मला समदं आठवत हुतं. मी बोलले न्हाय, कारन मला ते लवकर सपायला पायजे हुतं."